उजवीकडून उघडणारे दुकान

दुबईत २००५ साली ‘सूक’ हे ऑनलाइन दुकान सुरू झाले. २०१७ मध्ये ॲमेझॉनने ते विकत घेतले आणि २०१९ च्या मे महिन्यात त्याच्या जागी अमिरातीसाठी ॲमेझॉनचे स्वतःचे संकेतस्थळ आले, अरबी आणि इंग्रजी अशा दोन्ही रूपांत. ही दोन रूपे शेजारी शेजारी उघडली तर प्रथम आरसा धरल्याचा भास होतो. बोधचिन्ह उजव्या कोपऱ्यात गेलेले, कार्ट डाव्या टोकाला, ओळी उजव्या कडेला टेकलेल्या. पण नुसता आरसा धरून कोणतेही अरबी पान चांगले होत नाही. काय उलटवायचे आणि कशाला हात लावायचा नाही, याचा विवेक ज्या पानात दिसतो ते पान वाचताना मला मनापासून आनंद होतो.

साधे बाण पाहा. ‘मागे’ नेणारा बाण अरबी पानात उजवीकडे वळतो, कारण वाचक उजवीकडून आलेला असतो. मालाची छायाचित्रे सरकवायची दिशा उलटते. मानांकनाचे तारे उजवीकडून भरत येतात, म्हणजे साडेतीन ताऱ्यांतल्या अर्ध्या ताऱ्याची उजवी बाजू रंगलेली असते. माल घरपोच आणणाऱ्या ट्रकचे तोंडही डावीकडे हवे, एरवी तो मागे निघाल्यासारखा वाटतो. घड्याळाचे चिन्ह मात्र तसेच राहते, कारण काटे तिथेही आपल्याच दिशेने फिरतात. बरोबरची खूण, व्हिडिओ सुरू करायचा त्रिकोण आणि शोधाचे भिंग उलटत नाहीत. भिंग हातात धरायची वस्तू आहे आणि बहुतेक माणसांचा उजवा हात सगळीकडे उजवाच असतो. मालाचे छायाचित्र तर कधीच उलटवू नये. सदऱ्याचा खिसा दुसऱ्या बाजूला गेला तर तो विकायला ठेवलेला सदराच राहत नाही.

खरी परीक्षा ओळीच्या आत असते. अरबी अक्षरे उजवीकडून डावीकडे जातात, पण संख्या आपल्यासारखीच डावीकडून उजवीकडे वाचली जाते. त्यात मोबाइलचे किंवा टीव्हीचे नाव रोमन लिपीतले. एकाच ओळीत नजर दोनतीनदा दिशा बदलते आणि सराव असलेल्या वाचकाला त्याचा पत्ताही लागत नाही. हे साधून देणारा द्विदिशा नियम युनिकोडमध्ये आहे. प्रत्येक अक्षराला त्याने दिशा दिली; कंस, अधिक चिन्ह, रिकामी जागा यांना स्वतःची ठाम दिशा नाही, ती शेजाऱ्यांवरून ठरते. गोंधळ होतो तो इथेच. अधिक चिन्ह, ९७१ आणि मग मोकळ्या जागा सोडून लिहिलेला अमिरातीतला दूरध्वनी क्रमांक अरबी मजकुरात तसाच टाकला, तर त्यातले गट उलट्या क्रमाने लागतात: शेवटचा गट सर्वांत डावीकडे आणि अधिक चिन्ह उजव्या टोकाला. ग्राहक तो क्रमांक डावीकडून वाचून फिरवतो आणि फोन लागत नाही. एचटीएमएलमध्ये अशा तुकड्याला वेगळे कुंपण घालण्यासाठी ‘बीडीआय’ नावाची खूण आहे. ज्या पानावर मॉडेलचे नाव, कंसातले वर्ष आणि दूरध्वनी आपापल्या जागी शांत बसलेले दिसतात, तिथे कोणीतरी एकेका तुकड्याची काळजी घेतली आहे असे खुशाल समजावे. वाचकाला ते श्रम दिसत नाहीत.

अक्षरांचीही तीच गोष्ट. मूळ अक्षरे २८, पण बहुतेकांची रूपे चार: एकटे, आरंभीचे, मधले आणि शेवटचे. शब्द जोडूनच लिहायचा. इंग्रजी मथळ्याला ऐट यावी म्हणून अक्षरांत अंतर सोडतात. तीच आज्ञा अरबीला लागू झाली की जोड तुटतात. शिरोरेषा तुटलेली मराठी पाटी ज्याने पाहिली आहे त्याला ही वेदना वेगळी सांगायला नको. अरबीत कॅपिटल अक्षरे नाहीत, म्हणून महत्त्व दाखवायचे ते जाडीने, आकाराने, रंगाने. खाली लोंबणारी वळणे आणि वरखाली बसणारे नुक्ते यांना श्वास घ्यायला जागा लागते. इंग्रजीचाच टंक-आकार आणि तेच ओळींतले अंतर ठेवले तर अरबी मजकूर बारीक आणि कोंदट दिसतो. कैरोच्या बुलाक छापखान्याच्या विसाव्या शतकाच्या आरंभीच्या खिळ्यांवरून खालिद होस्नी यांनी ‘अमीरी’ हा मुक्त टंक घडवला. तो पुस्तकासाठी आहे, बटणावर तो नाजूक पडेल. पण अरबी ओळीला किती ऐसपैस जागा हवी हे डोळ्यांना शिकवायला त्याच्यासारखा गुरू नाही.

आता कार्ट उघडू या. मला सर्वांत आवडते ती इथली एक बारीक ओळ: कार्टमध्ये किती वस्तू आहेत ते सांगणारी. मराठीत एकवचन आणि अनेकवचन एवढ्यावर भागते. अरबीने द्विवचन जपले आहे. शिवाय ३ ते १० ला अनेकवचन, ११ ते ९९ ला पुन्हा एकवचन, पण वेगळ्या विभक्तीत, आणि १०० ला आणखी निराळे. सॉफ्टवेअरच्या भाषाकोशात अरबीसाठी शून्य धरून सहा वर्ग आहेत. आळशी पान ‘वस्तू: २’ असे लिहून मोकळे होते. मेहनती पान दोन वस्तूंना द्विवचन वापरते, आणि मग यंत्र भाषांतर ओकत असल्यासारखे न वाटता दुकानदार समोर बसून बोलतो आहे असे वाटते.

बटणांवरही असेच सौजन्य दिसते. अरबीत आज्ञार्थाला लिंग आहे. ‘विकत घे’ पुरुषाला वेगळे, बाईला वेगळे. म्हणून बरीच संकेतस्थळे ‘खरेदी’, ‘शोध’ अशी क्रियावाचक नामे वापरतात आणि कोणालाच परके करत नाहीत.

शोधपेटीत टंकताना अलिफ या अक्षरावरची हम्झा ही छोटी खूण अनेकजण गाळतात. तरीही माल सापडलाच पाहिजे.

पत्त्याचा अर्ज मात्र पुष्कळदा हात आखडता घेतो. अमिरातीत पिनकोडसारखी पद्धतच नाही, तरी परदेशी संकेतस्थळे तो रकाना सक्तीचा ठेवतात आणि ग्राहक शून्ये भरून सुटका करून घेतो. कुवेतमध्ये पत्ता विभागातल्या ब्लॉकच्या क्रमांकाने सांगतात, तेव्हा तसा रकाना हवा. कुवेत, बहारीन, ओमान इथल्या चलनांना दशांशानंतर तीन अंक लागतात, दोनवर कापले तर हिशेब चुकतो. इजिप्तमध्ये आणि आखातात पौर्वात्य अरबी अंक सवयीचे, मोरोक्को ते ट्युनिशिया इंग्रजीचेच अंक. कोणते दाखवावे हे देशागणिक ठरवावे. पण ग्राहकाने टंकलेले दोन्ही प्रकारचे अंक अर्जाने निमूट स्वीकारावेत, ‘चुकीचा क्रमांक’ म्हणून परत करू नयेत.

पुण्यात, मुंबईत बसून आखातातल्या ग्राहकांसाठी पाने रचणारे मराठी हात थोडे नाहीत. त्यांना माझी विनंती एवढीच: इंग्रजी पान पूर्ण करून शेवटच्या आठवड्यात ते उलटवू नका. पहिल्या कच्च्या आराखड्यातच खरा अरबी मजकूर टाका, आणि पान खुले करण्याआधी एका अरबी वाचकाला त्याच्याच फोनवरून, त्याच्याच पत्त्यावर, दोन वस्तू मागवायला सांगा.