नाव एका वाटेनं, मूल्य दुसऱ्या वाटेनं

पोस्टग्रेस या डेटाबेसमधली पीएल/पीजीएसक्यूएल ही भाषा यान वीक यांनी लिहिली. १९९८मध्ये ६.४ या आवृत्तीबरोबर ती आली. सुरुवातीच्या सोर्स फाइलींच्या माथ्यावर कॉपीराइट म्हणून त्यांचं नाव आणि पुढे ‘हॅम्बुर्ग’ एवढंच असे. या भाषेतली मला सर्वांत देखणी वाटणारी ओळ ही :

एक्झिक्यूट फॉरमॅट('सिलेक्ट काउंट(*) फ्रॉम %आय व्हेअर %आय = $१', टेबल, कॉलम) इंटू संख्या यूझिंग शोध;

टेबल कोणतं, कॉलम कोणता, शोधायचं काय, यातलं काहीही फंक्शन लिहिताना ठाऊक नाही. तरी ओळ कुठे डळमळत नाही.

टेबलाचं नाव $१ म्हणून देता येत नाही, कारण कुठल्या टेबलावर जायचं हे कळल्याशिवाय क्वेरीचा प्लॅनच बनत नाही. म्हणून नावं मजकुरात शिरतात आणि त्यांच्यावर %आय पहारा देतं. उदाहरणार्थ, जर्मनमध्ये प्रत्येक नाम मोठ्या अक्षरानं सुरू होतं. त्यामुळे जर्मन माणसानं बनवलेल्या टेबलात गावाचा कॉलम सहजच मोठ्या ओ-चा ‘ओर्ट’ असतो. तो अवतरणाविना मजकुरात चिकटवला, तर पोस्टग्रेस त्याची अक्षरं लहान करतं आणि असा कॉलमच नाही म्हणून थांबतं. %आय अशा नावाला दुहेरी अवतरणात ठेवतं. साध्या लहान अक्षरी नावाला हातही लावत नाही. नावाच्या जागी नल आलं तर तिथेच एरर देतं. हा नेमकेपणा मला फार आवडतो.

मूल्य मात्र मजकुरात येतच नाही. पॅरिसजवळच्या व्हिल-द'आव्रेच्या नावातलं एकेरी चिन्ह हातानं जोडलेली क्वेरी मोडून टाकेल. अशाच फटीतून कुणी मुद्दाम घातक एसक्यूएलही घुसवेल. यूझिंगमधून आलेलं मूल्य आपला टाइप घेऊन थेट $१पाशी पोहोचतं. मूल्याला अवतरणात ठेवणारं %एल वापरूनही चिन्हं सांभाळली जातात, पण तारखेला आधी मजकूर करायचं आणि मग पुन्हा तारीख, हा वळसा कशाला?

हे सौष्ठव एका दिवसात आलेलं नाही. यूझिंग २००९च्या ८.४मध्ये आलं, हवी तितकी आर्ग्युमेंट्स घेणारी व्हेरिअॅडिक फंक्शन्सही त्याच आवृत्तीतली. फॉरमॅट स्वतः व्हेरिअॅडिक आहे, ते २०११च्या ९.१मधलं. त्याआधी लोक नावांना अवतरणात ठेवणारं क्वोट_आयडेंट आणि जोडचिन्हं यांची माळ ओवत.

ओळीत एक उणीव आहेच. शोध नल असेल तर बरोबरीची तुलना कधीच खरी ठरत नाही आणि उत्तर मुकाट्यानं शून्य येतं.

शिवाय एक्झिक्यूटचा प्लॅन जपून ठेवला जात नाही, दर वेळी नव्यानं आखला जातो. छोट्या क्वेरीला हा भुर्दंड जाणवतो. पण मोठ्या पत्त्यांच्या टेबलात बर्लिनच्या ओळी अमाप आणि एखाद्या खेड्याच्या मोजक्या असतात. तिथे हाच भुर्दंड कामी येतो, कारण दर वेळी मूल्य पाहूनच ठरतं, इंडेक्स वापरायचा की सगळं टेबल वाचायचं.