'सागा' हा शब्द कुणाचा?

आता 'द बॅनर सागा' घेऊ. तिघांनी सुरू केलेल्या स्टोइक या स्टुडिओचा हा गेम जानेवारी 2014मध्ये आला. 'कँडी क्रश सागा'वाल्या किंग कंपनीने त्याच्या ट्रेडमार्क-अर्जाला हरकत घेतली. नावांत गोंधळ होईल म्हणे! गोळ्या जुळवणारा माणूस बर्फातून चाललेल्या या तांड्यात चुकून शिरेल कसा? सागा म्हणजे आइसलँडची जुनी गद्यकथा. स्टोइककडे ती गोष्ट सांगण्याची रीत आहे, किंगकडे नावाला जोडलेलं शेपूट. आम्हांला खटकतं ते हेच. 'नाव वापरा की,' असंही किंग म्हणत होती, पण हरकत कायम! अहो, नोंदणीच अडली तर उद्या त्या नावाची नक्कल रोखायची कशी? एप्रिलमध्ये तडजोड झाली. दुसरा भाग 2016मध्ये त्याच नावाने आला.