उद्याच्या नगरीतला जुना सूक्ष्मदर्शक

कलाकृतीत कर्त्याने काही दडवून ठेवले आहे असे कळले, की ते हुडकून काढण्याचा आपल्याला मोह होतो. आणि सापडले, की त्या हुडकण्यालाच आपण रसग्रहण म्हणू लागतो. कादंबरीच्या वाचकाचे असे होते, तसेच करमणुकीच्या बागेत जाणाऱ्याचेही होते. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये ९ जानेवारी १९८७ रोजी सुरू झालेली ‘स्टार टूर्स’ ही अंतराळसफर या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. जॉर्ज लुकस यांच्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांच्या जगात ती प्रवाशांना नेई. तिच्यातील गुप्त खुणांची यादी तिच्या चाहत्यांना तोंडपाठ असते. परंतु त्या साऱ्या एकाच मोलाच्या आहेत काय?

पहिली खूण सफरीच्या यंत्रातच आहे. चाळीस माणसे यानात बसत, दार लागे, समोरच्या पडद्यावर चित्रपट सुरू होई आणि यान ताऱ्यांकडे झेपावे. प्रत्यक्षात ती खोली जागची हलत नसे. वैमानिकांना शिकवण्यासाठी जी डुलती यंत्रे बनवली गेली, तशाच यंत्रावर ती उभी होती. पडद्यावर यानाने वेग घेतला, की खोली हळूच मागे कले. आपलेच वजन पाठीवर येई, आणि बाहेरचे काही दिसत नसल्यामुळे शरीर त्या भाराला वेग समजे. म्हणजे पृथ्वी सोडल्याचा भास पृथ्वीच्याच ओढीने घडवलेला! ही युक्ती ज्याला ठाऊक नव्हती त्यालाही ती पुरेपूर पावत असे. चांगल्या कथेतले तंत्रही असेच असते. ते वाचकाच्या नजरेत भरत नाही, पण अंगी लागते.

दुसरी खूण निराळ्या वळणाची. रांगेत उभ्या असलेल्यांच्या कानांवर एका प्रवाशाच्या नावाचा पुकारा येई: ‘एग्रोएग साकुल’. जॉर्ज लुकस या नावाची इंग्रजी अक्षरे उलटी लावली, की हे नाव होते. गंमत म्हणून ठीक. ज्याने ओळखले त्याला थोडे हसू आले. ज्याने ओळखले नाही त्याचे काही गेले नाही. आणि अंतराळाचा अनुभव दोघांचाही तसूभर वाढला नाही. अशाच खुणांची मोजदाद करीत बसलेला रसिक अखेर स्वतःच्या हुशारीचा आस्वाद घेत असतो.

तिसरी खूण मला सर्वांत मोलाची वाटते. ‘स्टार टूर्स’ जेथे उभी राहिली, तेथे १९६७ पासून १९८५ पर्यंत दुसरीच एक सफर होती. ती हिमकणाच्या आत, थेट अणूपर्यंत नेत असे. माणसांना लहान करून आत पाठवणारा एक प्रचंड सूक्ष्मदर्शक तिच्या आरंभी उभा होता. सफर मोडली, सूक्ष्मदर्शकही हलला. पण नव्या सफरीच्या चित्रपटात, वाट चुकलेले यान दुरुस्तीच्या कारखान्यातून धडपडत बाहेर पडे तेव्हा, बाजूला क्षणभर तोच सूक्ष्मदर्शक दिसे. रांगेतल्या दोन यंत्रमानवांची कथाही अशीच आहे. ते मूळचे ‘अमेरिका सिंग्ज’ या जवळच्याच गाण्याच्या खेळातले हंस. त्यांची पिसे-कातडी उतरवून त्यांना नवे काम दिले. पायांची ठेवण मात्र हंसाचीच राहिली.

बागेच्या या भागाचे नाव ‘टुमॉरोलँड’, म्हणजे उद्याची नगरी. अशा नगरीत नवा उद्या उभारायचा तर कालचा उद्या पाडावा लागतो, आणि त्याबरोबर कोणाच्या तरी बालपणीचे भविष्य नाहीसे होते. कारखान्याच्या अडगळीत जुन्या यंत्राला जागा देणाऱ्याने हे ओळखले होते. त्याने पूर्वसूरींचे ऋण मानले, तेही सफरीचा वेग न मोडता. मात्र जुनी सफर ज्याने केली नाही, त्याला तो सूक्ष्मदर्शक म्हणजे आणखी एक लोखंडी सांगाडाच दिसणार. येथे चाहत्यांच्या त्या यादीचे खरे काम सुरू होते. नुसते ‘मला सापडले’ असे म्हणून भागत नाही. येथे पूर्वी काय होते, हे शेजारच्या नवख्याला सांगावे लागते.

हे सांगणे आता अधिकच अगत्याचे झाले आहे. डिस्नेलँडमधला तो चित्रपट २०१० साली बंद झाला आणि २०११ मध्ये त्याच जागी नवी सफर आली. पूर्वजाची आठवण जपणाऱ्या त्या क्षणाचीही आता आठवणच जपायची आहे.