गंजाचा धडा आणि पेट्रोलची टाकी

लोखंड गंजण्यावरचा पाठ आपण सर्वांनी शिकलेला आहे आणि आपल्यापैकी बहुतेकांनी शिकवलेलाही आहे. तीन परीक्षानळ्या, तीन खिळे. पहिल्या नळीत साधे पाणी आणि वर हवा. दुसरीत उकळून हवा घालवलेले पाणी व त्यावर तेलाचा थर. तिसरीत कोरडी हवा आणि ओलावा शोषून घेणारे निर्जल कॅल्शियम क्लोराइड. काही दिवसांनी पहिल्याच नळीतला खिळा गंजलेला दिसतो. निष्कर्ष : गंजण्यासाठी हवा व पाणी दोन्ही लागतात. प्रयोग स्वस्त आहे, हमखास साधतो आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहण्याची शिस्त मुलांना लावतो. त्याबद्दल तक्रार नाही. पण हा पाठ शिकलेल्या मुलाला घरातल्या एका साध्या गंजलेल्या वस्तूचे कोडे सुटत नसेल, तर पाठात काही उणे आहे असे म्हणावे लागते. ती वस्तू म्हणजे जुन्या दुचाकीची पेट्रोलची टाकी.

सांगलीला खेटून असलेल्या माधवनगरात किंवा कुठल्याही तशा गावात परसात झाकून ठेवलेली एखादी चेतक, लूना किंवा येझदी सापडतेच. बजाजने पेट्रोलवरची चेतक केव्हाच बंद केली. (२०२० मध्ये त्याच नावाने आलेली स्कूटर विजेवर चालते, तिला टाकीच नाही.) सांगली परिसरात २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी कितीतरी गाड्या पाण्याखाली घातल्या, हे वेगळेच. अशी गाडी कुणी हौसेने बाहेर काढतो, टाकीचे झाकण उघडून आत टॉर्च मारतो आणि आत तांबडा भुगा दिसतो. आता पाठ आठवणारी विद्यार्थिनी विचारते, "सर, टाकीत तर पेट्रोल होते. पाणी नाही, वर पेट्रोलचा थर म्हणजे हवाही नाही. ही तर आपली दुसरी नळी झाली. मग गंज आला कुठून?"

प्रश्न बिनतोड आहे. उत्तराचा पहिला भाग सोपा आहे. टाकी पूर्ण भरलेली क्वचितच असते. झाकणाला हवेसाठी बारीक छिद्र असते. पेट्रोल खाली उतरते तशी बाहेरची दमट हवा आत येते, रात्री पत्रा थंड झाला की तिच्यातील बाष्पाचे आतल्या बाजूला थेंब धरतात आणि ओघळून तळाला जातात. पेट्रोलची घनता पाण्याच्या सुमारे पाऊणपट, तेव्हा पाणी खाली आणि पेट्रोल वर. रिझर्व्हवर घेताच गाडी धापा टाकू लागते, त्याचे एक कारण येथे आहे : पेट्रोल कॉकची रिझर्व्हची वाट टाकीच्या तळाजवळून निघते, आणि पाणी व गंजाचा गाळ तिथेच असतो. कार्ब्युरेटरमधील जेटचे छिद्र मिलिमीटरहूनही लहान. ते बुजायला चिमूटभर गाळ पुरतो. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. आपला जिल्हा उसाचा, त्यामुळे इथेनॉल मुलांना नवे नाही. ते थोडे पाणी स्वतःत सामावून घेते, पण पाणी मर्यादेपलीकडे गेले की पेट्रोलची साथ सोडून पाण्याबरोबर तळाशी जाऊन बसते.

उत्तराचा दुसरा भाग मात्र पाठ्यपुस्तकाला अडचणीत आणणारा आहे. तेलाचा थर हवा रोखतो असे आपण सांगतो. प्रत्यक्षात ऑक्सिजन पाण्यापेक्षा पेट्रोल, रॉकेल यांसारख्या द्रवांत कितीतरी अधिक विरघळतो. तेलाचा थर म्हणजे बंद दार नव्हे, फार तर जाड पडदा म्हणावा. आठवडाभराच्या प्रयोगात हा फरक दिसत नाही, म्हणून चालून जाते. टाकीत वर्षे जातात, शिवाय गाडीच्या प्रत्येक हिसक्याने पेट्रोल ढवळले जाते. तळाच्या पाण्याला ऑक्सिजनची ददात पडत नाही.

राज्याच्या दहावीच्या पुस्तकाला एका गोष्टीचे श्रेय द्यायला हवे. गंजणे ही लोखंड व ऑक्सिजन यांची सरळ अभिक्रिया नसून विद्युत-रासायनिक क्रिया आहे, पृष्ठभागाचे काही भाग धनाग्र आणि काही ऋणाग्र बनतात, हे तिथे सांगितले आहे. पण कोणता भाग धनाग्र बनतो, आणि का? सगळी गंमत या प्रश्नात आहे आणि नेमका तोच सुटून जातो. याचे उत्तर केंब्रिजच्या युलिक इव्हान्स यांनी १९२० च्या दशकात एका थेंबाच्या प्रयोगाने दाखवले. तो आपल्या प्रयोगशाळेत करता येतो. शंभर मिलिलिटर पाण्यात तीन ग्रॅम मीठ, पोटॅशियम फेरिसायनाइडची चिमूट आणि फिनॉल्फ्थॅलिनचे काही थेंब घाला. पॉलिश कागदाने घासून स्वच्छ केलेल्या साध्या लोखंडी पत्र्यावर या द्रावणाचा एक मोठा थेंब ठेवा आणि हलवू नका. सुरुवातीला इकडेतिकडे निळे-गुलाबी ठिपके दिसतात. थोड्या वेळाने चित्र स्थिरावते : थेंबाच्या मध्यभागी निळा रंग, कडेला गुलाबी. निळा रंग म्हणजे तिथे लोखंड विरघळत आहे. गुलाबी म्हणजे तिथे ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेऊन हायड्रॉक्साइड बनवत आहे. गंजाचे तपकिरी कडे धरते ते दोहोंच्या मधे.

म्हणजे लोखंड खाल्ले जाते ते जिथे ऑक्सिजन कमी पोचतो तिथे, आणि गंज साचतो थोडा बाजूला! "हवा व पाणी लागते" हे वाक्य खरे असूनही त्यावरून कुणीही याच्या उलट अंदाज करील. टाकीत हेच घडते. तळाच्या थेंबाखाली, गाळाखाली, पत्र्याच्या जोडात ऑक्सिजन कमी, म्हणून तिथला पत्रा खोल खाल्ला जातो. गंजाचा थर जितका जाड, तितकी त्याखालची जागा हवेला पारखी. गंज काढायचा तो केवळ जेट बुजतो म्हणून नव्हे.

आता गंज काढण्याच्या उपायांकडे वळू. इथे पुस्तके जवळजवळ गप्प आहेत. क्षरण रोखण्याचे मार्ग पाठ करून घेतले जातात : रंग, ग्रीस, जस्ताचा मुलामा, मिश्रधातू. झालेल्या गंजाचे काय, हा विषय गॅरेजवर सोडलेला. गॅरेजची पहिली पद्धत म्हणजे टाकीत नट-बोल्ट किंवा बारीक खडी घालून खळखळवणे. सुटा गंज याने निघतो, कोपरे आणि जोड तसेच राहतात. दुसरी पद्धत फरशी धुण्याच्या ॲसिडची, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्लाची. हे आम्ल गंज झपाट्याने विरघळवते, यात शंका नाही. पण गंज संपला की ते थांबत नाही, खालच्या लोखंडावर चाल करते आणि हायड्रोजनचे बुडबुडे सोडते. काही टाक्यांना आतून जस्ताचा किंवा शिसे-कथिलाचा मुलामा असतो. जस्ताचा असला तर आम्ल आधी त्याचा फडशा पाडते. खाचांत उरलेली क्लोराइडे पुढच्या गंजाला खतपाणी घालतात. "ॲसिडने टाकीला भोक पाडले" अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. ती अर्धीच खरी असते. भोक बहुधा आधीच पडलेले असते, गंजाने ते बुजवलेले असते इतकेच.

त्यामानाने सायट्रिक आम्ल, आपले लिंबूसत्त्व, सौम्य आहे. ते लोखंडाच्या आयनांना बांधून द्रावणात धरून ठेवते. काम सावकाश, एक-दोन दिवसांचे. तांब्याची भांडी चिंच-मिठाने लख्ख होतात म्हणून लोखंडाला तोच उपाय सुचवणारे भेटतात. चिंचेला हरकत नाही, मिठाला आहे. कोणत्याही आम्लानंतर धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने उरलेले आम्ल मारावे लागते, स्वच्छ पाण्याने धुवावे लागते आणि लगेच गरम हवेने वाळवावे लागते. उघडे पडलेले ओले लोखंड पाहता पाहता पिवळे पडू लागते. हा क्षण वर्गात दाखवण्याजोगा आहे, कारण "गंज काढला" म्हणजे काम संपले या समजुतीला तो तिथल्या तिथे छेद देतो.

फॉस्फोरिक आम्लाची गोष्ट निराळी. ते लोखंडावर आयर्न फॉस्फेटचा न विरघळणारा, चिकटून राहणारा थर सोडते. येथे पुस्तकातील आणखी एका जागेबद्दल बोलायला हवे. एन.सी.ई.आर.टी.च्या दहावीच्या पुस्तकात दिल्लीच्या लोहस्तंभाची चौकट आहे : सोळाशे वर्षांहून जुना, उंची ८ मीटर, वजन ६ टन, गंजत नाही, आपल्या कारागिरांचे कौशल्य थोर. सगळे खरे, पण का गंजत नाही? आय.आय.टी. कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवले की या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण जास्त आहे आणि त्यामुळे पृष्ठभागावर फॉस्फेटयुक्त संरक्षक थर तयार झाला आहे. गॅरेजमधील बाटली आणि गुप्तकाळातील स्तंभ यांना जोडणारा दुवा हातात असताना आपण मुलांना फक्त अभिमान देतो.

विद्युत अपघटनानेही गंज काढतात. धुण्याच्या सोड्याचे द्रावण, वस्तू ऋणाग्राला, लोखंडी सळई धनाग्राला. गंज सैल पडतो, थोडा काळा होऊन उरतो आणि खालच्या लोखंडाला धक्का लागत नाही. पद्धत उत्तम, पण टाकीसाठी मी ती शाळेत मुळीच सुचवणार नाही. बंद भांड्यात हायड्रोजन व ऑक्सिजन साठतात. हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन असला तरी तो भडकू शकतो. सळई टाकीला टेकली की ठिणगी. त्यातच पेट्रोलची वाफ उणे चाळीस अंशांनाही पेट घेऊ शकते, आणि "रिकामी" टाकी भरलेल्या टाकीहून अधिक धोक्याची असते. सळई स्टेनलेस स्टीलची घेतली तर विषारी क्रोमियमची संयुगे तयार होऊ शकतात. द्रावणात सोड्याऐवजी मीठ घातले तर क्लोरीन निघतो. हा प्रयोग वर्गात करायचाच तर उघड्या प्लास्टिकच्या डब्यात, खिडकीपाशी, एखाद्या गंजलेल्या बिजागरीवर करावा.

टाकी मेकॅनिककडेच राहू द्या. वर्गासाठी दोन गोष्टी पुरेत. एक म्हणजे इव्हान्सचा थेंब. दुसरी, त्याच तीन परीक्षानळ्या आठवड्याने धुऊन न टाकता जूनपासून दिवाळीपर्यंत कपाटात ठेवणे, दर सोमवारी पाहणे आणि तेलाखालच्या खिळ्यावर पहिला तपकिरी ठिपका कोणत्या आठवड्यात दिसतो, की दिसतच नाही, याची नोंद मुलांनी स्वतः करणे.