भ्रूणास्थी आणि खनिज नॅनोकण : प्रमाण व अनुमान

कोंबडीच्या उबवणीच्या अंड्यात कॅल्शियमयुक्त खनिजांचे किंवा तांब्याचे नॅनोकण टोचून भ्रूणाच्या अस्थींवर होणारा परिणाम पाहण्याचे प्रयोग गेल्या दोन दशकांत वॉर्सा येथे व अन्यत्र झाले आहेत. झपाट्याने वाढणाऱ्या ब्रॉयलर कोंबड्यांचे पाय दुबळे राहतात, ही अडचण या संशोधनाच्या मुळाशी आहे. हेतू स्तुत्य होय. परंतु कॅल्शियमयुक्त कणांविषयीचे अनुमान तपासून घेणे अगत्याचे आहे.

हे कण अस्थींना कॅल्शियम पुरवितात, असे स्पष्टीकरण सहज सुचते. हिशेब मात्र त्यास अनुकूल नाही. अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते. २१ दिवसांच्या उबवणीअखेर पिलाच्या शरीरात १०० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम साठते व त्याचा सुमारे चार-पंचमांश भाग कवचातून येतो. कवच काढून वाढविलेल्या भ्रूणांत अस्थिभवन खुंटते, हा त्याचाच पुरावा होय. आता १०० मायक्रोग्रॅम हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइट टोचले, असे धरल्यास त्यातील कॅल्शियम अवघे ४० मायक्रोग्रॅम, म्हणजे एकूण गरजेचा अडीच हजारावा हिस्सा भरते. एवढ्याने पुरवठा वाढतो असे म्हणणे धाडसाचे आहे. तांब्याची गोष्ट निराळी. कोलॅजनचे धागे परस्परांशी जोडणाऱ्या विकराला तांबे लागते. तेथे अल्प मात्राही परिणामकारक ठरू शकते.

म्हणून कॅल्शियमयुक्त कणांनी अस्थी बळकट झालीच, तर तिचे कारण पेशींना मिळणाऱ्या एखाद्या संकेतात शोधावे लागेल. तसा शोध घेण्यास नियंत्रक गट नेमके हवेत : न टोचलेली अंडी, केवळ द्रावक टोचलेली अंडी, त्याच खनिजाचे मोठे कण टोचलेली अंडी आणि तितकेच कॅल्शियम विद्राव्य क्षाराच्या रूपाने दिलेली अंडी. यांपैकी एक गट वगळला, तरी कणाच्या सूक्ष्मतेचा परिणाम वेगळा काढता येत नाही. अस्थींची लांबी अंड्याच्या वजनावरही अवलंबून असते, याचाही विसर पडू नये.

मोजमापाचा प्रश्नही गौण नाही. अ‍ॅलिझारिन रेड हे रंजकद्रव्य कॅल्शियमच्या साठ्याला रंगविते. तो साठा पेशींनी घडविला की बाहेरून आलेला कण तेथे अडकला, हे ते सांगत नाही. चिन्हित कॅल्शियम असलेले कण वापरल्यास हा भेद करता येईल. शिवाय मोजमाप केवळ जगलेल्या भ्रूणांचे होते. दगावलेल्या अंड्यांची संख्या गटवार दिली नसेल, तर दुबळे भ्रूण आधीच गळून गेल्याने उरलेले बळकट भासण्याचा संभव राहतो.

या कसोट्या कठोर वाटतील. परंतु अशा निष्कर्षांवर कुक्कुटपालनातील व्यवहार आणि पुढे मानवी अस्थिरोपणाच्या कल्पना उभ्या राहणार असतील, तर अंड्यातील हिशेब आधी चोख असला पाहिजे.