वाचन आणि आकलन : आरोग्य-साक्षरतेच्या एका कसोटीविषयी

वजन घटविण्याची शस्त्रक्रिया करून घेऊ पाहणाऱ्या रुग्णाची आरोग्य-साक्षरता व आकलनशक्ती आधी पारखावी, या मताशी कोणाचाही विरोध असू नये. ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढला जातो. पुढे आहाराचे पथ्य आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर सांभाळाव्या लागतात. आक्षेप आहे तो पारखण्याच्या साधनावर.

अमेरिकेत १९९३ मध्ये रूढ झालेल्या ‘रिअल्म’ कसोटीत ६६ वैद्यकीय शब्द मोठ्याने वाचावयाचे असतात. इंग्रजीत लेखनावरून उच्चार नेमका कळत नाही. म्हणून अचूक उच्चार ही परिचयाची खूण ठरते. देवनागरीची गोष्ट निराळी. अक्षरओळख असलेला मनुष्य ‘जठरछेदन’ हा शब्द बिनचूक वाचील आणि अर्थाविषयी कोराच राहील. स्पॅनिशमध्येही हीच अडचण आली. म्हणून २००६ साली तेथे वाचनाला अर्थाच्या प्रश्नाची जोड देणारी कसोटी तयार झाली. तेव्हा ‘रिअल्म’चे निव्वळ भाषांतर मराठीत निरुपयोगी होय.

याच्या उलट प्रमादही संभवतो. सोलापुरात अनेक घरांतून तेलुगू, कन्नड वा उर्दू बोलली जाते. घरी तेलुगू बोलणारी विडी कामगार स्त्री मराठी प्रश्नापाशी अडखळली, तर तो तिच्या बुद्धीचा दोष म्हणून नोंदणे हा अन्याय आहे. तेथे बुद्धी नव्हे, परभाषेचा सराव मोजला जातो.

संमतिपत्राची भाषाही निर्दोष नसते. ‘गुंतागुंत होण्याची शक्यता आहे’ हे वाक्य त्यांत हमखास आढळते. सोलापूरकराला गुंता ठाऊक आहे तो सुताचा. आणि तो चिकाटीने सुटतो! वैद्याला मात्र जठराच्या शिवणीतून होणारी गळती अभिप्रेत असते, आणि ती प्रसंगी प्राणावर बेतते. अशा वाक्याखालील सहीला संमती कसे म्हणावे?

समीरा कोहली प्रकरणात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने संमतीपूर्वी उपचाराचे स्वरूप, पर्याय आणि मोठे धोके रुग्णाला पुरेसे समजावले पाहिजेत, असा निर्णय दिला. समजले की नाही, हे पाहण्याचा एक साधा मार्ग आहे : ऐकलेले रुग्णाने आपल्या घरच्या भाषेत परत सांगावे; गरज पडल्यास दुभाष्या बसवावा. त्या कथनात जे राहून जाईल, ते पुन्हा समजावणे हे वैद्याचे काम आहे. कसोटी प्रथम सांगणाऱ्याच्या भाषेची व्हावी. ऐकणाऱ्याच्या बुद्धीची त्यानंतर.