दाभोळ खाडीतील जलगुणवत्ता-देखरेख : आंतरसंस्थात्मक सहकार्याची चिकित्सा

रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यातील अंजनवेल हे गाव दाभोळ खाडीच्या मुखाशी, दक्षिण तीरावर वसलेले आहे. गोपाळगड हा किल्ला आणि १९९० च्या दशकात ‘एन्रॉन’मुळे देशभर गाजलेला वीजप्रकल्प या दोन कारणांनी बाहेरच्या जगाला त्याचे नाव ठाऊक आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मात्र अंजनवेलचे महत्त्व निराळे आहे. सह्याद्रीत उगम पावणाऱ्या वाशिष्ठीच्या काठचे हे अखेरचे गाव होय. चिपळूणचे सांडपाणी, खेडहून येणाऱ्या जगबुडीचे पाणी, लोटे-परशुराम औद्योगिक क्षेत्रातील सामुदायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून करंबवणे येथे खाडीत सोडले जाणारे पाणी हे सर्व सरतेशेवटी अंजनवेल, वेलदूर आणि पैलतीरावरील दाभोळ यांच्यामधून समुद्रास मिळते. त्यामुळे वरच्या अंगाला झालेल्या प्रत्येक मोजणीचा अर्थ या मुखाशी लागावयास हवा. तो लागत नाही, आणि याचे कारण मोजणाऱ्यांची संख्या कमी आहे हे नव्हे.

संस्थांची यादी लहान नाही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० पासून अस्तित्वात आहे व त्याची प्रादेशिक प्रयोगशाळा चिपळुणातच आहे. केंद्रीय मंडळाच्या राष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत नद्यांचे नमुने ठरावीक स्थानकांवर नियमित घेतले जातात. वाशिष्ठीवर खेर्डी येथे असे स्थानक आहे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने राज्य मंडळासाठी किनाऱ्यावरील खाड्यांचा अभ्यास केला, त्यात वाशिष्ठीचे मुख आले. विहिरी व नळयोजनांचे पाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, जिल्हा परिषद व ग्रामपंचायत पाहतात. मोठे प्रकल्प पर्यावरण मंजुरीच्या अटींनुसार सहामाही अनुपालन अहवाल सादर करतात. मासळीची आवक मत्स्यव्यवसाय विभाग नोंदवितो. या साऱ्यांत मेळ असावा म्हणून केंद्र शासनाने २००१ मध्ये जलगुणवत्ता मूल्यांकन प्राधिकरण स्थापन केले आणि २००५ मध्ये जलगुणवत्ता-देखरेखीची एकसमान कार्यपद्धती जारी केली. कागदावरील सहकार्य म्हणून हे चित्र परिपूर्ण मानावे लागेल.

उणीव आहे ती वेळेच्या बाबतीत. खाडी म्हणजे नदी नव्हे. भरतीचे पाणी चिपळूणजवळच्या गोवळकोटापर्यंत चढते आणि ओहोटीला परत फिरते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला खाडी जोमाने धुतली जाते; अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, पाण्याची हालचाल मंदावते आणि वर सोडलेले द्रव्य तेथेच रेंगाळते. एकाच जागी, एकाच दिवशी सहा तासांच्या अंतराने घेतलेले दोन नमुने जणू दोन वेगवेगळ्या जलाशयांचे ठरू शकतात. त्यातही विरघळलेल्या प्राणवायूचे प्रमाण पहाटे सर्वांत कमी असते. सूर्य वर आल्यावर पाण्यातील सूक्ष्म वनस्पतींच्या प्रकाशसंश्लेषणामुळे ते वाढू लागते. पहाटे जाळे ओढणाऱ्या भोयाला मासा वर येऊन तोंड उघडताना दिसतो, पण कार्यालयीन वेळेत पोहोचलेल्या नमुनेदाराच्या बाटलीत सर्व काही मर्यादेत भरते. येथे दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नाही. त्यांनी निरनिराळ्या वेळचे पाणी पाहिलेले असते, इतकेच.

दाभोळ खाडीला आणखी एक घड्याळ आहे, आणि ते बहुतेक चर्चांतून सुटते. कोयना प्रकल्पाचे वीजनिर्मितीनंतरचे पाणी पश्चिमेकडे उतरून वाशिष्ठीत येते. कृष्णा पाणीतंटा लवादाने या वळवणीसाठी वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली होती. हा विसर्ग एकसारखा नसतो. राज्यात विजेची मागणी चढली की जनित्रे चालतात व नदीत गोडे पाणी वाढते. मागणी उतरली की ते घटते. म्हणजे करंबवणेला सोडलेले सांडपाणी किती विरळ होणार हे काही अंशी मुंबई-पुण्याच्या वीजवापरावर अवलंबून राहते. एखाद्या दिवशीची खाडी ‘स्वच्छ’ की ‘दूषित’ हे समजण्यासाठी पाण्याच्या नमुन्याबरोबर त्या दिवसाची तिथी आणि त्या तासांचा विसर्ग माहीत असणे अपरिहार्य आहे. विसर्गाची नोंद वीजनिर्मिती कंपनीकडे असते, भरतीचे कोष्टक बंदर विभागाकडे, आणि पृथक्करणाचा तक्ता मंडळाकडे. प्रसिद्ध होणाऱ्या मासिक तक्त्यांत स्थानक, दिनांक आणि घटकांची मूल्ये असतात. पहिल्या दोन गोष्टी त्यांच्या शेजारी येत नाहीत. समुद्रविज्ञान संस्थेचे अभ्यासक भरती-ओहोटीनुसार नमुने घेतात खरे, पण असा अभ्यास प्रकल्पाच्या मुदतीपुरता असतो. ज्या संस्थांना पद्धत ठाऊक आहे त्या नित्य येत नाहीत आणि ज्या नित्य येतात त्यांना वेळ निवडण्याची मोकळीक नाही, असा हा विरोधाभास आहे.

लोकसहभागाच्या प्रयोगाचे काय झाले, याची साक्ष शासकीय दस्तऐवजातच मिळते. २०१० मध्ये केंद्र शासनाने प्रा. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या पश्चिम घाट परिस्थितिकी तज्ज्ञ गटाने २०११ च्या अहवालात लोट्याची दखल घेतली. प्रक्रिया केंद्राला येणारे सांडपाणी पेलत नाही, ते ओढ्यांतून कोतवलीसारख्या गावांकडे वाहते, दाभोळ खाडीतील मासळी लक्षणीय घटली आहे, असे त्यात नमूद आहे. कोतवलीच्या सरपंचांनी ओढ्याचे दूषित पाणी प्राशन करून जीव देण्याचा प्रयत्न केल्याचीही नोंद आहे. पाण्याच्या गुणवत्तेची तक्रार नोंदविण्याचा याहून दारुण मार्ग कल्पिता येणार नाही. याच अहवालानुसार, नागरिकांचा सहभाग असलेला ‘लोटे अभ्यास गट’ स्थापन झालेला होता, परंतु तो निष्क्रिय होता व प्रदीर्घ काळ त्याची बैठकच झालेली नव्हती. अभ्यास गटाने अभ्यास करावयाचा असतो, त्यासाठी भेटावे लागते, हे सांगण्याची वेळ तज्ज्ञ गटावर यावी यातच सर्व आले.

अशा गटांच्या निष्क्रियतेस व्यक्तींचे औदासीन्य कारण असेल. पण रचनेचा दोष अधिक खोल आहे. १९७४ च्या जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियमाचे कलम २१ सांडपाण्याचा नमुना कोणी व कसा घ्यावा हे ठरवून देते. ती कार्यपद्धती पाळली नसल्यास पृथक्करणाचा निष्कर्ष न्यायालयात ग्राह्य धरला जात नाही. आरोपीच्या हक्काच्या दृष्टीने ही तरतूद रास्तच आहे. तिचा परिणाम मात्र असा होतो, की पहाटे चार वाजता मच्छीमाराने भरलेली बाटली पुराव्याच्या जगात अस्तित्वातच येत नाही. १९८८ च्या दुरुस्तीने कलम ४९ मध्ये सामान्य नागरिकास साठ दिवसांची सूचना देऊन फिर्याद करण्याचा अधिकार दिला. साठ दिवसांत खाडीला चार वेळा उधाण येऊन जाते. मेलेली मासळी तर दोन दिवसांतच नाहीशी होते, आणि नुकसानभरपाई मागणाऱ्याच्या हाती उरते ते केवळ त्याचे म्हणणे.

पिण्याच्या पाण्याच्या बाबतीत हेच शासन निराळे वागते, ही तुलना उद्बोधक आहे. महाराष्ट्रात पावसाळ्यापूर्वी व नंतर पाणीस्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण होऊन ग्रामपंचायतींना लाल, पिवळे वा हिरवे कार्ड दिले जाते. २०१९ च्या जल जीवन मिशनने गावोगावी पाच महिलांना क्षेत्रीय तपासणी संचाचे प्रशिक्षण देण्याची योजना आखली. म्हणजे गावातील बाईने केलेली मोजणी शासनास चालते. अट एवढीच, की ती गावाच्या स्वतःच्या विहिरीची असावी. ग्रामपंचायतीला लाल कार्ड मिळते, खाडीत पाणी सोडणाऱ्यास गावाकडून कार्ड देण्याची सोय नाही. शिवाय औद्योगिक क्षेत्र राज्याच्याच महामंडळाने वसविलेले असल्याने, मोजणारा आणि ज्याचे मोजावयाचे तो एकाच शासनाच्या दोन शाखांत आढळतो.

नागरिकांची मोजणी अशास्त्रीय असते, हा आक्षेप गंभीर आहे व तो टाळता येत नाही. अमेरिकेतील चेसापीक उपसागरासाठी १९८३ मध्ये राज्ये व संघशासन यांच्यात करार झाला. तेथे स्वयंसेवकांची आकडेवारी एकत्र आणण्यासाठी २०१५ मध्ये सुरू झालेल्या सहकारी उपक्रमाने ती गुणवत्तेनुसार तीन स्तरांत विभागली. खालच्या स्तरातील आकडे शिक्षणासाठी व प्राथमिक पाहणीसाठी, वरच्या स्तरातील शासकीय मूल्यमापनासाठी वापरले जातात. सर्व आकडे पुरावा म्हणून स्वीकारण्याचा आग्रह नाही आणि सर्व फेकून देण्याचीही रीत नाही. तो नमुना जसाच्या तसा कोकणात येणार नाही, कारण तेथील स्वयंसेवकाचा चरितार्थ बहुधा त्या पाण्यावर नसतो. येथे भोई, खारवी, दालदी या समाजांचा आहे. हितसंबंध असलेला निरीक्षक पक्षपाती असू शकतो हे खरे. तथापि रोज पाण्यावर असणारा दुसरा निरीक्षक या खाडीत उपलब्ध नाही.

महाविद्यालयांची भूमिकाही या चिकित्सेतून सुटू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर पदवी स्तरावर पर्यावरण अभ्यास अनिवार्य झाला व विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अभ्यासक्रमात क्षेत्रकार्य समाविष्ट करण्यात आले. जलप्रदूषण हा त्यातील आवडता विषय. दरवर्षी प्रकल्पवह्या जमा होतात, तपासल्या जातात, गुण देऊन कपाटात ठेवल्या जातात. प्राणवायूचे विंकलर पद्धतीने मापन करणे हे रसायनशास्त्राच्या कोणत्याही प्रयोगशाळेस अवघड नाही. मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड ही द्रावणे होडीवरच घालून नमुना स्थिर केला, की तो गुहागर-चिपळूणपर्यंत नेता येतो. चिपळूणच्या दातार-बेहेरे-जोशी महाविद्यालयासारखी विज्ञान शाखा असलेली संस्था आणि अंजनवेल-वेलदूरच्या होड्या यांच्यात एका खोक्याचे व काही बाटल्यांचे अंतर आहे.

अशा नोंदवहीत दिनांकाशेजारी तिथी, भरतीची अवस्था, पहाटेची वेळ, कोयनेचा त्या तासांचा विसर्ग आणि जाळ्यात आलेल्या मासळीची जात असे पाच रकाने हवेत. यांपैकी चार मच्छीमार व विद्यार्थी स्वतः भरू शकतात. विसर्गाचा रकाना वीजनिर्मिती कंपनीने आकडा दिल्याखेरीज भरला जाणार नाही. आणि मंडळाच्या प्रयोगशाळेने दर महिन्याच्या आपल्या नमुन्यांपैकी निदान एक भांगाच्या पहाटे, याच होडीतून घेतल्याखेरीज दोन्ही आकड्यांची तुलनाही होणार नाही.